टाकलेले स्फुरद जाते कुठे?



सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद, म्हणजे एकरी सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची तीन पोती लागतात. पण पहिल्या हंगामात त्यातले साधारण १५ ते २० टक्केच पिकाच्या वाट्याला येते. उरलेले नत्रासारखे निचऱ्यावाटे निघून जात नाही. ते जमिनीतच अडकते.

मुखेडच्या माळावरील तांबूस मुरमाड जमिनीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. या बारीक कणांच्या पृष्ठभागावर लोहाला हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात. स्फुरद त्यांना हटवून थेट लोहाशी जोडले जाते, हळूहळू आत मुरते आणि मुळांना दुरावते. खालच्या काळ्या, चुनखडीयुक्त रानात हेच काम मुख्यतः चुना करतो.

म्हणून हे खत फोकू नका. फोकलेले खत जास्त मातीला भिडते आणि जास्त अडकते. दोन चाडी पाभरीने ते बियाण्याच्या खाली पेरा. कुजलेले शेणखत घाला. त्यातील सेंद्रिय आम्ले लोहावरील जागा आधीच अडवतात. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम स्फुरद विरघळविणारे जिवाणू हलक्या हाताने चोळा.

वर्षानुवर्षे खत घातलेल्या रानात साठा असू शकतो. आधी माती तपासा, मगच पोती उचला.