मनोरुग्णाच्या स्वातंत्र्याचा हिशेब



व्यापारी घरांत एक नियम पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासावी, असे चालत नाही. मुनीम कितीही सचोटीचा असला तरी वर्षाअखेरीस बाहेरचा हिशेबतपासनीस येतो, वह्या उघडतो, शिल्लक पडताळतो. यात मुनिमाचा अपमान नसतो. पेढीचे आणि मुनिमाचे, दोघांचेही त्यात रक्षण असते. पैशाच्या बाबतीत एवढी दक्षता घेणाऱ्या समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे स्वातंत्र्य हेही त्याचे भांडवलच आहे. मग त्याचा हिशेब कोण तपासतो?

इतर आजारांत रुग्ण स्वतः उपचाराला संमती देतो आणि बरे वाटताच घरी परततो. तीव्र मानसिक आजारात काही काळ त्याचा विवेक झाकोळलेला असतो. अशा वेळी घरच्या मंडळींना आणि डॉक्टरांना त्याच्या वतीने निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय पुष्कळदा योग्य असतो, प्राण वाचविणाराही असतो. परंतु ज्यांनी दार लावले त्यांच्याच हाती ते उघडण्याचा पूर्ण अधिकार राहिला, तर कधी गैरसमजाने, कधी कंटाळ्याने आणि क्वचित स्थावर मालमत्तेच्या मोहानेही ते दार बंदच राहते. म्हणून बाहेरच्या, त्रयस्थ नजरेची गरज पडते.

ही गरज कायद्याने फार पूर्वीच ओळखली होती. पूर्व विदर्भातील रुग्णांचा आधार असलेले नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. पुढे १९१२ च्या कायद्याने प्रत्येक मनोरुग्णालयासाठी किमान तीन अभ्यागत नेमण्याची तरतूद केली. त्यांपैकी एक वैद्यकीय अधिकारी असे. अभ्यागतांनी महिन्यातून एकदा प्रत्येक भागाची पाहणी करावी, रुग्णांना प्रत्यक्ष पाहावे आणि आपला अभिप्राय वहीत नोंदवावा, असा दंडक होता. १९८७ च्या कायद्याने अभ्यागतांची संख्या किमान पाच केली व त्यांत दोन समाजसेवक घेतले. वेड्यांचे इस्पितळ म्हणून ज्या वास्तूकडे लोक पाहण्याचे टाळीत, तिच्या आत बाहेरच्या माणसाने नियमाने डोकवावे, हा त्यामागील हेतू.

तथापि, पाहणी वेगळी आणि निर्णयाचा अधिकार वेगळा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेने सर्वोच्च न्यायालयासह साऱ्या देशाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. पुढे २०१७ साली नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला व २९ मे २०१८ पासून तो अंमलात आला. या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आणि अभ्यागतांच्या जागी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची योजना केली.

हे मंडळ एका जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी असते. अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदास पात्र न्यायिक अधिकारी असतो. जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ व एक वैद्यक व्यावसायिक हे सभासद असतात. उरलेल्या दोन जागा मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्ती, त्यांची देखभाल करणारे किंवा या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. ज्याने ते दुःख सोसले, त्यालाच निर्णयाच्या आसनावर बसविण्याची ही तरतूद विशेष महत्त्वाची होय.

मंडळाचे काम कसे चालते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना त्यास दाखल केले, तर रुग्णालयाने ते मंडळास सात दिवसांत कळवावे लागते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीनच दिवसांत. असा पहिला प्रवेश जास्तीत जास्त तीस दिवसांचा. त्याहून अधिक काळ ठेवणे आवश्यक वाटल्यास दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णाची स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि प्रकरण मंडळापुढे जाते. मंडळ मान्यता देते किंवा रुग्णाला सोडण्याचा आदेश देते. रुग्ण, त्याचा प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था मंडळाकडे अर्ज करू शकते. अर्जास शुल्क नाही. अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा दूरध्वनीवरून केलेला अर्जही स्वीकारता येतो. सुनावणी बंद दाराआड होते, म्हणून घराण्याच्या नावाची चिंता करणाऱ्यांनीही मागे सरण्याचे कारण नाही. निर्णय मान्य नसल्यास उच्च न्यायालयाचे दार तीस दिवस खुले असते.

एवढे सर्व असूनही एक गोष्ट मंडळाच्या हाताबाहेर राहते. मंडळ रुग्णालयाचे दार उघडू शकते, घराचे नाही. कायद्याचे कलम १९ स्पष्ट सांगते की, केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही मनोरुग्णालयात ठेवून घेऊ नये. प्रत्यक्षात मात्र बरे झालेले कित्येक जण वर्षानुवर्षे तेथेच राहिले. मुंबईतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी हाच प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला. बरी होऊनही ठाण्याच्या मनोरुग्णालयात अनेक वर्षे राहिलेल्या एका महिलेचे प्रकरण त्यामागे होते. औषधाने तिला बरे केले होते. उणीव होती ती 'ये, घरी चल' म्हणणाऱ्या माणसाची.

येथे कायदा संपतो आणि समाजाचे कर्तव्य सुरू होते. प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांत मधुमेहाची चर्चा पंगतीत होते; उदासीनतेचा वा भ्रमाचा उल्लेख मात्र दार लावून होतो. मुलीचे लग्न अडेल, पेढीची पत जाईल, या भयाने उपचार लांबतात. आजार वाढतो आणि अखेर जे टाळावयाचे तेच, म्हणजे सक्तीने दाखल करणे, नशिबी येते. लवकर हाक दिली तर चित्र बदलते, याचा दाखला विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' हा प्रकल्प राबविण्यात आला. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी संवाद साधला. प्रकल्पापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ४ टक्केच मदत घेत होते. ते प्रमाण पुढे २७ टक्क्यांवर गेले. मदत दाराशी आली आणि आपल्या भाषेत बोलली, तेव्हा लोकांनी ती स्वीकारली.

नवेगाव बांधच्या रहिवाशांना हे वेगळे सांगावयास नको. कोलू पाटील कोहळी यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, तो येथील विस्तीर्ण तलाव आजवर टिकला, कारण पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्याची पाळ राखली. पाळीला बारीक भेग दिसताच पावसाळ्यापूर्वी ती बुजविली जाते. पाणी फुटून वाहू लागल्यावर गाव धावले तरी उपयोग किती? मनाच्या भेगेचेही तसेच आहे.

या दृष्टीने प्रत्येक घराला काही गोष्टी आजच करता येतील. बँकेच्या खात्याला नामनिर्देशन करण्यास कोणी विसरत नाही. या कायद्यानेही प्रत्येक प्रौढ व्यक्तीस आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरे. आपले मन आपल्या ताब्यात नसेल त्या दिवसांत आपल्या वतीने कोणी बोलावे, हे शहाणपणाच्या दिवसांतच ठरवावे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत मानसिक आजाराचा समावेश आहे की नाही, हे पाहून घ्यावे. शारीरिक आजाराप्रमाणेच त्यासही विमासंरक्षण देणे या कायद्याने बंधनकारक केले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरातील दूरध्वनीच्या वहीत लिहून ठेवावा. तेथे चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही बोलता येते.

आणि ज्या घरातील कोणी आज नागपुरात किंवा अन्यत्र उपचार घेत असेल, त्या घराने भेटीला जाण्याचा दिवस चुकवू नये. त्याची खोली, त्याची गादी, दुकानातील त्याची जागा राखून ठेवावी. घरच्यांना जाणे शक्य नसेल तर शेजाऱ्याने, आप्ताने अथवा संस्थेच्या कार्यकर्त्याने जावे. तपासनीस वहीत शिल्लक दाखवितो. ती घरी आणण्याचे काम मालकाचेच असते. मंडळाने मुक्ततेचा आदेश दिला त्या दिवशी दारात न्यावयास आलेले आपले माणूस उभे असावे, एवढी व्यवस्था समाजाने केली, तरी पन्नास वर्षांच्या या वाटचालीला शोभेल असे मोठे काम होईल.

जय जिनेंद्र.