दोन बुड्यांमधील विसावा

यवतमाळहून मालवणास जाऊन समुद्राचा तळ पाहण्याची हौस कित्येकांस असते. तेथें पाणबुडे दोन बुड्यांमध्यें होडीवर किंवा किनाऱ्यावर सावलींत पाणी पीत बसतात. हा वेळ वायां जात नाहीं. दर 10 मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो व श्वासांतील नायट्रोजन रक्तांत विरघळतो. दाब एकदम उतरला कीं सोड्याच्या बाटलींतल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होऊन सांधे, प्रसंगीं मज्जारज्जूहि दुखावतो. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1908 मध्यें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. तासाभराच्या विसाव्यांत वायूचा कांहीं भागच बाहेर पडतो; म्हणून दुसरी बुडी आंखूड असावी. घरीं परततांना तर सह्याद्रीचा घाट लागतो आणि वर हवेचा दाब आणखी कमी असतो. अनेक बुड्यांनंतर विमानांत बसण्यापूर्वीं निदान 18 तास थांबण्याचा दंडक आहे. तोच घाटासहि लावावा आणि शेवटची रात्र समुद्रकांठींच काढावी.