आधी शिक्षा, मागून चौकशी



२ फेब्रुवारी २०२५ रोजी याच शहरात, वाडिया पार्कवर, महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातील निर्णायक कुस्ती पंचांनी पृथ्वीराज मोहोळांना बहाल केली. पाठ टेकलीच नाही, चित्रफीत पाहा, असा शिवराज राक्षे यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. मग त्यांनी पंचांची गचांडी धरली, लाथ मारली. कुस्तीगीर संघाने लागलीच त्यांना, आणि अंतिम लढत सोडून पंचांशी हुज्जत घालणाऱ्या महेंद्र गायकवाडांनाही, तीन वर्षे निलंबित केले. पुढे चौकशी झाली; तीत राक्षे यांच्याविरुद्धचा तो निर्णयच चुकीचा ठरला आणि पंचही तीन वर्षांसाठी निलंबित झाले.

पंचावर पाय उगारणे हा अपराधच. आम्ही त्याची वकिली करीत नाही. पण आधी शिक्षा आणि मागून चौकशी, हा क्रम कोणत्या न्यायातला? पैलवानाची उमेदीची वर्षे ती किती!

कामगाराला एवढे तरी मिळाले. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने आरोपपत्र आणि खुलासा आला. १९७१ साली शिक्षा कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. त्याच सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने किरकोळ गैरवर्तनाबद्दल भलतीच शिक्षा देऊन कामावरून काढणे ही अनुचित प्रथा ठरवली. आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऐन हंगामात बॉयलरवरचा गडी फोरमनच्या अंगावर धावून गेला. बडतर्फीचा हुकूम तयार होता. चौकशीत निघाले, की त्याच्यावर सलग दुसरी पाळी लादली होती. दोष त्याच्या पदरी राहिलाच. पण चार दिवसांच्या बिनपगारी निलंबनावर भागले.

अमेरिकेत १९९७ च्या डिसेंबरात लॅट्रेल स्प्रीवेल या बास्केटबॉलपटूने आपल्या प्रशिक्षकाचा गळा धरला. संघाने करार मोडला, एनबीएने वर्षभराची बंदी घातली. खेळाडूंची युनियन लवादाकडे गेली. मार्च १९९८ मध्ये लवाद जॉन फीरिक यांनी करार पुन्हा जिवंत केला आणि बंदी ६८ सामन्यांवर आणली. म्हणजे शिक्षा झालीच, आणि जबरही. मात्र शेवटचा शब्द मालकाचा राहिला नाही, कारण सामूहिक करारात तसे लिहिले होते.

आमच्या पैलवानाला वस्ताद आहे, तालीम आहे, खुराकाला हात देणारे दातेही आहेत. करार नाही. तो कायद्याने कामगार नव्हे, असे कोणी म्हणेल, मान्य. मग लेखी आरोप, खुलाशाला मुदत, आणि अपील ऐकणाऱ्या समितीत कुस्तीगीरांनी निवडलेला एक जुना मल्ल, एवढे संघाने आपल्याच नियमांत घालावे. त्याला कायदा कशाला हवा?