बालशिक्षिकेची घडण : बोर्डीपासून डोंबिवलीपर्यंत

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत उभ्या राहिलेल्या वास्तू, दिलेल्या शिष्यवृत्त्या आणि झालेली दाने यांचा हिशेब मांडता येतो. परंतु रडणाऱ्या बालकाचे बोट धरून त्याला प्रथम शाळेचा उंबरठा ओलांडायला लावणाऱ्या शिक्षिकेची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. ती शिक्षिका कशी घडते, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

या विषयात ठाणे जिल्ह्याचा वारसा फार मोलाचा आहे. त्याचा उगम मात्र भावनगरला झाला. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मुलांवरील त्यांची माया पाहून लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा मान सोडून या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभारले. तथापि शहरातील सुस्थित घरांपुरते बालशिक्षण त्यांना अपुरे वाटू लागले आणि १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

येथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षिका झाल्या होत्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले होते. एवढा अनुभव पाठीशी असताना, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्या लहान मुलांच्या शिक्षणाचे धडे नव्याने गिरवू लागल्या. मोठ्या वर्गांना उत्तम शिकविता येते म्हणून तीन वर्षांच्या बालकाला शिकविता येईलच असे नाही, हे त्यांनी जाणले होते.

बोर्डीला मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे आले. १९५७ साली केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी साकारली. या सर्व कामातूनच बालसेविका तयार झाल्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने या कार्याचा गौरव केला.

प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, हे या वारशातून उमगते. चार वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिल धरण्यास पुरती तयार नसतात. प्रशिक्षित शिक्षिका त्याला माती मळायला, मणी ओवायला, कागद फाडायला देते. अक्षरांची घाई करत नाही. अंक घोकविण्याआधी ती चिंचोके मोजायला देते. घरी गुजराती, मारवाडी किंवा कच्छी बोलणारे मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात गप्प बसले, तर ती त्याला मंद ठरवीत नाही. त्याच्या घरच्या भाषेला वर्गात जागा देते. ही दृष्टी निरीक्षण, सराव पाठ आणि जाणत्या मार्गदर्शकाचा सहवास यांतून येते.

प्राथमिक शिक्षकासाठी आज बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा असा मार्ग आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. पदवी ग्राह्य धरता येणार नाही, असा निर्णय दिला. अनुताईंनी १९४५ साली जे ओळखले, तेच जणू कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

परंतु सहा वर्षांखालील बालकांचे काय? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा मानली आणि अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचे व एक वर्षाचे अभ्यासक्रम सुचविले. तरीही ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गृहसंकुलांत तळमजल्यावर चालणाऱ्या बालवर्गाची चौकशी करताना पालक शुल्क, बस आणि इंग्रजी संभाषण यांविषयी विचारतात. शिक्षिकेचे प्रशिक्षण कोठे झाले, हे क्वचितच विचारतात.

मानधनाचा प्रश्नही याच अनास्थेतून येतो. राज्यात २००० साली शिक्षण सेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. खासगी बालवर्गांतील शिक्षिकांना तर असा शासकीय आधारही नसतो. घराजवळ अर्ध्या दिवसाचे काम म्हणून बायकांनी ते करावे, अशी समजूत रूढ आहे. ज्या कामाला समाज सोपे समजतो, त्याचे मोलही तो कमीच करतो.

ज्ञानदानाला श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाला येथे बरेच करता येईल. डॉक्टर व अभियंता होणाऱ्यांप्रमाणेच बालशिक्षणाचा अभ्यासक्रम निवडणाऱ्या मुला-मुलींनाही शिष्यवृत्ती मिळावी. पाठशाळेत सेवाभावाने शिकविणाऱ्या भगिनींसाठी बालविकासाची शिबिरे भरावीत. सूत्र शिकविणाऱ्यालाही समोरच्या सहा वर्षांच्या मुलाचे मन कळले पाहिजे. समाजाच्या आश्रयाने चालणाऱ्या बालवर्गांत प्रशिक्षित शिक्षिका आणि तिला साजेसे वेतन, हा नियम व्हावा.

वास्तूच्या कोनशिलेवर दात्याचे नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. बालशिक्षिकेचे काम मात्र माणसाच्या पायातच बुजलेले असते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या पायाकडे समाजाचे लक्ष जावे, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!