हिंजवडीच्या नळाला पाणी आणतं कोण?

आजचा विषय पाणी आणि गाव आपलं हिंजवडी. हो, गावच! काचेच्या इमारती, मेट्रोचे खांब, सगळं मान्य. पण महापालिकेत घ्या, अशी मागणी अनेक वर्षं होत असली तरी हिंजवडी ओळखली जाते ती मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत म्हणूनच.

आता गंमत बघा. आयटी पार्क वसवला एमआयडीसीने आणि पार्कला पवना नदीचं पाणी देते तीच. पार्कबाहेर सोसायटी बांधायची तर परवानगी देते 2015 साली स्थापन झालेली पीएमआरडीए. आणि घरपट्टी भरायची ग्रामपंचायतीत. मग नळ कोरडा पडला की जायचं कुणाच्या दारात? उत्तर सापडेपर्यंत गेटवर टँकर उभा असतो.

जरा हिशोब करू. जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं. त्यात खेड्यातल्या माणसाला दिवसाला किमान 55 लिटर पाणी धरलंय. शहरासाठी नेहमीचा आकडा 135 लिटर. समजा 500 फ्लॅटची सोसायटी आहे, घरटी तीन माणसं. शहरी मापाने रोज दोन लाख लिटरच्या वर पाणी लागणार. म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर, रोज! गावासाठी आखलेल्या योजनेवर असा भार पडला, तर ती पुरणार कशी?

आणि पाणी येतं कुठून, तेही विसरू नका. याच पवनेच्या धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइनने पाणी न्यायचं ठरलं, तेव्हा मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ एक्सप्रेसवेवर पोलिसांचा गोळीबार झाला. तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. आपण शॉवर सोडतो, त्या पाण्यावर आणखी कुणाचा तरी हक्क असतो.

बरं, योजना झाली, टाकी उभी राहिली, फीत कापली. खरं काम तिथून सुरू होतं. मोटरचं वीजबिल, व्हॉल्व्ह सोडणाऱ्याचा पगार, फुटलेली पाइप, टाकी धुणं. हे सगळं चालतं मुख्यतः पाणीपट्टीवर. ती थकली की वीजबिल थकतं, आणि मग मोटर बंद. गावात हे बघायला पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिच्यात निम्म्या तरी महिला असाव्यात असा नियम आहे.

आणखी एक माणूस महत्त्वाचा, जलसुरक्षक. टाकीत टीसीएल पावडर तोच टाकतो. मग ओटी टेस्ट करतात. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि रंग पिवळा झाला, तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचलाय. रंग आलाच नाही तर कुठेतरी गडबड आहे. आरोग्य विभाग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावातल्या पाण्याच्या जागा तपासतो आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे? क्रिकेटचा स्कोअर माहीत असतो, हेही माहीत असायला हवं ना!

आता मुद्द्याचं. हे प्रश्न विचारायची हक्काची जागा म्हणजे ग्रामसभा. साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास ती भरते. पण तिचा सदस्य कोण? ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तो. हिंजवडीत राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींचं नाव अजून लातूर, जळगाव, सांगलीच्या यादीत आहे. पाणी इथलं पितो, टँकरचे पैसे इथे भरतो, आणि मत मात्र तिकडे. मग आपलं ऐकणार कोण?

म्हणून इथेच राहायचं ठरलं असेल, तर नाव इथल्या यादीत आणा. ग्रामसभेला जा. तीन गोष्टी विचारा: पाणीपट्टी किती जमा झाली, टाकी शेवटची कधी धुतली, कार्डाचा रंग कोणता. आवाज चढवायची गरज नाही, फक्त उत्तर लिहून घ्या. पुढच्या सभेला तेच परत विचारा.

तुमच्याकडे पाणी कसं येतं, नळाने की टँकरने? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर तो गळका नळ तेवढा दुरुस्त करून घ्या!