जुनी पोस्ट, आजची शिक्षा

(युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला प्रश्न असा आहे: एखाद्या खेळाडूने सोशल मीडियावर कुणाचा अपमान करणारं काही लिहिलं, तर त्याच्यावर कारवाई व्हावी का? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि क्रिकेट बघतो. कायद्याचा अभ्यासक नाही. त्यामुळे घडलेल्या चार प्रकरणांवरून बोलतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. कारवाई व्हावी. पण नियम लिहिलेला असावा, खेळाडूचं म्हणणं ऐकून घ्यावं, शिक्षेला शेवट असावा आणि आपल्या माणसालाही तीच फूटपट्टी लावावी. यातली शेवटची अट सगळ्यात अवघड आहे.

पहिलं प्रकरण ऑली रॉबिन्सनचं. २ जून २०२१, लॉर्ड्सचं मैदान, न्यूझीलंडविरुद्ध त्याची पहिली कसोटी. त्या सकाळी इंग्लंडचा संघ भेदभावविरोधी संदेशाचे टी-शर्ट घालून मैदानात उभा होता. त्याच दिवशी रॉबिन्सनची २०१२ ते २०१४ मधली ट्विट्स बाहेर आली. तेव्हा तो अठरा ते वीस वर्षांचा होता. त्यात स्त्रियांबद्दल घाणेरडे शेरे होते, आशियाई लोकांची टर होती आणि मुसलमानांचा संबंध थेट बॉम्बशी जोडलेला होता. संध्याकाळी त्याने जाहीर माफी मागितली. सामन्यात सात बळी घेतले आणि तो संपताच निलंबित झाला.

काही लोक म्हणाले, पोरवयातली जुनी गोष्ट आहे, सोडून द्या. तिथल्या सरकारमधूनही बोर्डाने अती केलं असा सूर निघाला. पण ज्यांच्याबद्दल ते लिहिलं होतं, त्यांनी ते त्या दिवशीच पहिल्यांदा वाचलं. पोस्ट जुनी असली तरी वाचणाऱ्याची जखम ताजी असते. काहीच न करणं म्हणजे त्यांना ‘तुमचं दुखणं मोजत नाही’ असं सांगणं.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. क्रिकेटच्या शिस्त आयोगापुढे सुनावणी झाली. आठ सामन्यांची बंदी लागली. त्यातले पाच सामने दोन वर्षांसाठी स्थगित ठेवले, म्हणजे पुन्हा तसं केलं तरच लागू. उरलेले तीन त्याने आधीच गमावलेल्या सामन्यांतून वळते झाले. वर ३,२०० पौंड दंड. किती काळ लोटला, पश्चात्ताप खरा आहे का, हे आयोगाने विचारात घेतलं. ऑगस्टमध्ये तो भारताविरुद्ध नॉटिंगहॅमला खेळला आणि पहिल्या डावात पाच बळी घेऊन गेला. शिक्षा झाली, संपली, माणूस कामाला लागला.

इथवर आपण सगळे सहमत असू, कारण दुखावलेले लोक आपले होते. आता दुसरं प्रकरण.

अझीम रफिक. कराचीत जन्मलेला, इंग्लंडमध्ये वाढलेला, यॉर्कशायरचा फिरकी गोलंदाज. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर आपल्या क्लबमधल्या वर्णद्वेषाची साक्ष दिली. ती ऐकताना अनेकांचे डोळे भरून आले. दोनच दिवसांनी त्याचे स्वतःचे २०११ मधले फेसबुक मेसेज छापून आले. त्यात ज्यूंची टिंगल होती.

अशा वेळी आपल्या मनात पहिलं येतं ते हे, की ‘हे आत्ताच का काढलं? कुणी काढलं?’ प्रश्न रास्त आहे. जुनी पोस्ट खोदून काढायला खात्याचं नाव, एखादा शब्द आणि तारीख एवढं पुरतं, आणि शोधणाऱ्याचा हेतू बहुतेकदा स्वच्छ नसतो. पण रॉबिन्सनची ट्विट्स बाहेर आली तेव्हा आपण वेळ आणि हेतू विचारला होता का? शोधणाऱ्याचा हेतू वाईट होता म्हणून लिहिलेलं चांगलं ठरत नाही.

रफिकने ते मेसेज आपलेच असल्याचं मान्य केलं, लाज वाटते असं सांगितलं आणि ज्यू समाजाची माफी मागितली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच शिस्त आयोगाने जुन्या पोस्टबद्दल पाच जणांना ताकीद दिली. त्यात रफिक होता आणि तो ज्या क्लबविरुद्ध बोलला त्या क्लबचा माजी प्रशिक्षक अँड्र्यू गेलही होता. तक्रार करणारा आणि त्या क्लबचा प्रशिक्षक एकाच यादीत. रफिकची साक्ष त्यामुळे खोटी ठरली नाही, आणि साक्षीमुळे त्याचे मेसेजही माफ झाले नाहीत. दोन्ही हिशेब वेगळे ठेवता आले पाहिजेत.

आता मत आणि अपमान यांतला फरक. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅलेस्टाईनबद्दलच्या पोस्टवरून दोन फुटबॉलपटू अडचणीत आले. जर्मनीत माइन्त्स क्लबने अन्वर अल गाझीला आधी निलंबित केलं आणि नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. तो कोर्टात गेला. जुलै २०२४ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने ती बडतर्फी अवैध ठरवली. फ्रान्समध्ये नीस क्लबच्या युसेफ अतालने एक व्हिडिओ शेअर केला होता. त्यात ज्यूंविरुद्ध हिंसेची भाषा होती. त्याने तो काढला, माफी मागितली, तरी सात सामन्यांची बंदी लागली. पुढे न्यायालयाने धार्मिक द्वेष पसरवल्याबद्दल आठ महिन्यांची स्थगित कैद आणि ४५,००० युरो दंड सुनावला.

दोघेही मुसलमान, विषयही एकच. पण एकाने आपली राजकीय बाजू मांडली आणि दुसऱ्याने माणसांवर हिंसा मागणारं पुढे ढकललं. पहिल्याचा हक्क आपण राखला पाहिजे, मत पटो वा न पटो. दुसऱ्याला ‘फक्त शेअर केलं’ ही सबब पुरत नाही.

आमच्या धंद्यात चुकांना दर्जा देतात. ग्राहकाचे पैसे भलत्या खात्यात गेले तर रात्री दोन वाजता टीमला उठवतात. बटणाचा रंग चुकला तर सोमवारी बघतात. दोन्हीला सारखाच गोंधळ घातला तर कुणीच काम करू शकणार नाही. पोस्टचंही तसंच. कुठे समज, कुठे दंड, कुठे बंदी, हे आधी ठरलेलं हवं.

तुम्ही म्हणाल, युरोपातल्या खेळाडूंचं आपल्याला काय? जून २०२३ मधलं कोल्हापूर आठवा. काही मोबाइल स्टेटसवरून शहर पेटलं आणि ज्यांनी काहीच पोस्ट केलं नव्हतं त्यांच्या घरा-दुकानांवर दगड पडले. शिक्षा जमावाच्या हाती गेली की तिला मोजमाप राहत नाही, पत्ताही राहत नाही. म्हणून नियम, सुनावणी आणि मुदत यांची गरज सगळ्यात जास्त आपल्याला आहे. आणि जे संरक्षण आपण मागतो ते आपल्यावर विनोद करणाऱ्यालाही द्यावं लागेल.

आपल्याकडे गल्लोगल्ली टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. प्रत्येक संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि त्यात जात, धर्म, रंग, बाई यांवर काय काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या मोसमाआधी एक पानाचा नियम लिहा. काय चालणार नाही, तक्रार कुणाकडे करायची, दोघांचं कोण ऐकेल, किती सामने बाहेर, परत कधी. त्या पानावर आधी कप्तानाची सही घ्या. आणि पहिली तक्रार तुमच्या सगळ्यात चांगल्या बॅट्समनविरुद्ध आली, तरी ते पान फाडू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.