घरचे सोनमासे

कारवारच्या बाजारातून सोनेरी माशांची एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोणी गृहस्थ मुलांसाठी घेऊन निघतो. कद्रा मागे पडले की अणशीचा घाट लागतो. वळणावळणावर ती पिशवी मांडीवर सावरीत तो घरी पोहोचतो, तेव्हा दिवेलागण झालेली असते. दुकानदाराने पिशवीबरोबर काचेचा एक गोल वाडगाही गळ्यात बांधलेला असतो. विहिरीचे ताजे पाणी त्यात ओतले जाते, मासे सोडले जातात, शेजारपाजारची मुले जमतात आणि प्रत्येक मूल आपापली चिमूट खाणे टाकून जाते. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते आणि मासे वर येऊन तोंडाचा 'आ' करू लागतात. घरची बाई ते सारे पाणी फेकून देते, वाडगा राखेने घासून लख्ख करते आणि माजघरातील तांब्याच्या हंड्यातले गार पाणी त्यात भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा पोट वर करून तरंगत असतो. धाकटे मूल विचारते, "आई, हा निजला का?"

असे प्रसंग अणशीत काय, बेळगावात काय किंवा मुंबईत काय, इतके घडतात की त्यांचे कोणास नवल वाटत नाही. मासा नाजूक होता, त्याचे आयुष्यच तेवढे होते, असे म्हणून दुसरी जोडी आणली जाते. वस्तुतः सोनमासा हा नाजूक जीव नव्हे. चीन देशात हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी साध्या, मातकट रंगाच्या माशांतून निवड करीत करीत लोकांनी हा केशरी मासा तयार केला. तेथून तो जपानात गेला आणि सतराव्या शतकात युरोपात पोहोचला. इतक्या लांबच्या समुद्रप्रवासात जो टिकला, त्याला चार दिवसांचा पाहुणा म्हणणे रास्त नाही. नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये 1956 साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा सोनमासा 1999 सालापर्यंत, म्हणजे 43 वर्षे, घरच्या पेटीत जगला. तेव्हा वाडग्यातील मासा मेला तो आयुष्य सरले म्हणून नव्हे; तो कशाने तरी मारला गेला, आणि ते 'कशाने' समजून घेणे अगत्याचे आहे.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात तो मलमूत्र टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया हा विषारी पदार्थ सतत बाहेर पडत असतो. न खाल्लेले अन्न कुजले की त्यातूनही तोच निघतो. ओढ्यात हा अमोनिया वाहून जातो. शिवाय तेथील दगडगोट्यांवर जे सूक्ष्म जीवाणू राहतात, ते त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात माशांना बाधत नाही, आणि पाणवनस्पतींचे तर ते खतच होय. नव्या कोऱ्या काचेत हे जीवाणू नसतात. ते आपोआप येतात, पण पुरेसे वाढावयास त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. चार-पाच लिटरच्या वाडग्यात दोन मासे आणि दहा चिमटी खाणे पडल्यावर जीवाणूंची वाट पाहावयास माशांपाशी तेवढा वेळ नसतो. त्यांचे कल्ले जळू लागतात आणि ते वर येऊन तोंड वासतात. लोकांना ती भूक वाटते, म्हणून आणखी खाणे पडते.

हंड्यातील पाण्याने उरलेले काम केले. विहिरीचे असो वा झऱ्याचे, सह्याद्रीच्या या भागातील पाणी बहुधा मऊ असते. क्षार कमी, किंचित आम्लतेकडे झुकणारे. माणसाला ते गोड लागते, डाळ त्यात लवकर शिजते. परंतु असे पाणी तांब्याच्या भांड्यात राहिले की थोडे तांबे विरघळवून घेते. माणसाच्या प्रकृतीला ते अंश सोसतात. माशाला फार थोडे तांबेही घातक ठरते. याच कारणास्तव सुपारीच्या बागेत पावसाळ्यात कोळेरोगावर मोरचूद आणि चुना यांचे जे मिश्रण फवारतात, त्याची बादली माशांच्या पाण्यासाठी कधीही वापरू नये, कितीही धुतली तरी. माशांची बादली निराळी असावी आणि तिला साबणाचा स्पर्श होऊ देऊ नये. पावसाच्या तोंडाला विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल किंवा नळाला क्लोरीनचा वास येत असेल, तर पाणी पसरट प्लॅस्टिकच्या टबात एक रात्र-दिवस उघडे ठेवावे. फोटोग्राफर लोक वापरीत तो हायपो दुकानांत थेंबांच्या रूपाने मिळतो. त्याने क्लोरीन तत्काळ जातो.

म्हणजे मासे पाळावयाचे ही भाषाच थोडी फसवी आहे. पाळावयाचे असते ते पाणी. ही गोष्ट विज्ञानालाही फार उशिरा उमगली. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास दोन सोनमासे, एक पाणवनस्पती आणि थोड्या गोगलगायी एकत्र ठेवून दाखविले की, वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी तिची कुजकी पाने खातात, आणि पाणी न बदलताही हा छोटा संसार चालू शकतो. जीवाणूंचा वाटा त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हता. पण विचाराची दिशा बरोबर होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत घरोघरी काचेच्या पेट्या ठेवण्याची लाट इंग्लंडात उसळली. मुंबईस मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी काचेआडचा मासा प्रथम तेथेच पाहिला. मात्र माशांकडे कौतुकाने पाहण्याची आवड काही साहेबाने आणलेली नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला जागा आहे, आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे याचाही विचार तेथे केलेला आहे. तो विनोद अखेर गळाकडे जातो, ही गोष्ट वेगळी.

आता पेटीकडे वळावयाचे. गोल वाडगा विकणेच बंद व्हावे, इतका तो वाईट. त्यात पाणी थोडे मावते आणि तोंड अरुंद असल्यामुळे हवेशी पाण्याचा संबंध कमी येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी साधी चौकोनी पेटी घ्यावी. तिच्यात सुमारे 54 लिटर पाणी मावते. वाळू, गोटे आणि काच धरून वजन सत्तर किलोच्या घरात जाते, तेव्हा डगमगते तिवई कामाची नाही. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. ऊन लागले की पाणी हिरवे होते आणि तापतेही. पाणी जितके ऊन तितका त्यात प्राणवायू कमी. 20 अंशांस लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळतो, तर 30 अंशांस साडेसातच्या आसपास. अशा पेटीत सोनमाशांची दोनच पिले ठेवावीत, आणि तीही वर्ष-दीड वर्षापुरती. बाजारात बोटाएवढा दिसणारा हा मासा पुढे वीतभर होतो, हे विकणारा सहसा सांगत नाही.

पेटी आज आणावी. मासे महिन्या-सव्वा महिन्याने. मुलांना हे पटविणे कठीण जाते खरे. पण या मुदतीत पाणी भरून, वनस्पती लावून, दोन-तीन दिवसांआड खाण्याचे चार कण रिकाम्या पेटीत टाकीत राहावे, म्हणजे जीवाणूंना आहार मिळून ते वाढतात. एखाद्या ओळखीच्या घरी जुनी, निरोगी पेटी असेल, तर तिच्यातील गाळणीचा स्पंज किंवा मूठभर वाळू ओल्यानेच आणून टाकावी. विरजणासारखा तिचा उपयोग होतो. मासे आणल्यावर पिशवी बंद ठेवूनच वीसेक मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे पेटीचे पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी मासे जाळीने उचलून आत सोडावे. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये.

हवेचा पंप आणि फिल्टर यांविषयी अणशीसारख्या गावी एक वेगळी अडचण आहे. आषाढात घाटात झाड तारेवर पडले की वीज जाते, आणि ती केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पंपाच्या भरवशावर दाटीवाटीने मासे ठेवणाऱ्याची पेटी अशा एका रात्रीत रिकामी होते. म्हणून पंप असावा, पण तो नसता तरी जगतील इतकेच मासे असावेत. वीज गेली की खाणे बंद करावे, आणि मधूनमधून तांब्याभर, अर्थात प्लॅस्टिकच्या तांब्याभर, पेटीतलेच पाणी काढून वरून धार धरून सोडावे. सोनमासा दोन-चार दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. त्याच्या शरीरात जठर नाही. अन्न घशातून थेट आतड्यात उतरते, म्हणून त्याला एका वेळी फार खाणे सोसतही नाही. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. आठवड्यातून एकदा साल काढलेला उकडलेला वाटाणा चुरून द्यावा. डासांच्या अळ्या मिळाल्या तर त्याहून उत्तम. भात, पोळी, पाव ही देऊ नयेत. ती फुगतात, कुजतात.

दर आठवड्यास पेटीतील चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच, त्याच ऊबेचे पाणी भरावे. सगळे पाणी कधीच बदलू नये. स्पंज धुवावयाचा तो काढलेल्या पाण्यातच धुवावा, नळाखाली धरू नये. तो दिसतो घाण, परंतु खरे राहणारे तेथेच असतात. मऊ पाणी कालांतराने अधिक आम्ल होत जाते. त्यावर कारवारच्या किनाऱ्यावरील तिसऱ्यांचे चार-सहा शिंपले उकळून पेटीत ठेवणे हा सोपा, बिनखर्चाचा उपाय आहे.

ज्यांना जागा थोडी, त्यांनी सोनमाशांचा आग्रह न धरता लहान जातीचे मासे पाहावेत. अंगावर निळसर पट्टे असलेला झेब्रा मासा भारतीय नद्यांतलाच. 1822 साली हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरला जातो. तो थव्याने राहतो, म्हणून सहा-आठ एकत्र ठेवावे. हिवताप-निर्मूलनामुळे सर्वांच्या परिचयाचे झालेले गप्पी मासे तर पिलेच घालतात, अंडी नव्हेत. महिन्यागणिक पेटी भरत जाते, एवढेच त्यांचे दुखणे. फायटरचे दोन नर एकत्र कधी ठेवू नयेत. एंजल, टेट्रा इत्यादींना ऊब लागते; पौष-माघात घाटमाथ्यावरच्या रात्री त्यांना हीटरशिवाय सोसणार नाहीत. सोनमाशांबरोबर यांपैकी कोणालाच ठेवू नये. त्याला थंडावा हवा, इतरांना ऊब. शिवाय तोंडात मावेल तो मासा तो गिळतोही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो संसर्गजन्य रोग आहे असे समजून पाणी बदलण्याचे प्रमाण वाढवावे आणि लागलीच औषध आणावे. नवा मासा पंधरा दिवस वेगळा ठेवला तर बहुतेक वेळा ही पाळीच येत नाही.

यावर कोणी म्हणेल, दारापुढच्या ओढ्यात चिमुकले मासे चमकत असता पैसे कशाला मोडावयाचे? परंतु अणशीचे राष्ट्रीय उद्यान 1987 साली झाले आणि आज ते काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथील मासाही वाघाइतकाच संरक्षित, तो धरता येत नाही. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी केरळात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लाल-काळ्या पट्ट्यांचा, 'मिस केरळ' म्हणून ओळखला जाणारा सह्याद्रीतला देखणा मासा परदेशी पेट्यांसाठी इतका पकडला गेला की तो आता संकटग्रस्त जातींत मोडतो.

याच्या उलटची चूक त्याहून निष्पाप दिसते. मुले शाळेसाठी धारवाडला जातात, गप्पींची संख्या शंभरावर जाते, सोनमासा पेटीत मावेनासा होतो. मग घरातील दयाळू माणूस त्यांना ओढ्यात 'मोकळे' करतो. ऑस्ट्रेलियातील वास नदीत असेच सोडलेले सोनमासे वाढत वाढत दोन किलोंच्या आसपास गेले आणि तळ उकरून पाणी गढूळ करू लागले. केरळात 2018 च्या महापुरानंतर दक्षिण अमेरिकेतला अरापैमा नद्यांत सापडू लागला. तो कोणाच्या तरी तळ्यातून वाहून आलेला होता. अणशीचे ओहोळ अखेर काळीला मिळतात. डिग्गीपाशी उगम पावून सदाशिवगडाजवळ समुद्रास मिळणाऱ्या या नदीवर धरणे झाली, तिचे पाणी अडले. परंतु तिच्या वरच्या अंगाच्या ओहोळांत अद्याप देशी मासे आहेत. परक्या माशांबरोबर परके रोगही तेथे जातात.

तेव्हा नको झालेले मासे दुकानदारास परत द्यावेत, नाहीतर दुसऱ्या हौशी घरी द्यावेत. पिलांचा सुकाळ नको असेल तर गप्पींचे नर आणि माद्या निरनिराळ्या पेट्यांत ठेवाव्यात. शेपटीच्या रंगावरून नर लहान मुलालाही ओळखता येतो. आणि दर आठवड्याला काढलेले पाणी ओहोळात फेकू नये, त्यात डोळ्यांस न दिसणारी पिले आणि गोगलगायींची अंडी असतात. ते फडक्यातून गाळून परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओतावे. नायट्रेट असल्यामुळे केळीला ते मानवते.